भिंतीवरचा बाण

लातूर रोडला, वीटभट्टीच्या पुढं, ती भिंत माझीच.
पिवळ्या पट्टीवर लाल अक्षर, अक्षराला काळी सावली:
हताश होऊ नका. एकदा अवश्य भेटा.
खाली लॉजचं नाव, खोली नंबर सात, दर मंगळवारी,
आणि एक बाण.
केजपासून रेणापूरपर्यंत अशा किती रंगवल्या,
चौरस फुटाला चौदा रुपये, चुना त्यांचा.
'कमजोरी'ची वेलांटी मी अशी ओढायचो
की टपरीवरची पोरं म्हणायची,
वैजूदा, अक्षरात तर काही कमी नाही बगा.

त्या पौषात शिवकांतानं लाईट घालवली,
आणि बोलावलं तर शरीर आलंच नाही.
किक मारावी, मारत राहावी,
आणि टाकीचं झाकण उघडायची भीती वाटावी, तसं.
ती म्हणाली, दमलाव.
दुसऱ्या खेपेला म्हणाली, दमलाव.
तिसऱ्या खेपेला काही म्हणाली नाही.
मी बाज अंगणात टाकली.
उकडायलंय म्हणालो.
पौषात.

पत्ता कुणाला विचारायची गरज नव्हती.
माझ्याच बाणामागं मी गेलो, तोंडाला उपरणं बांधून.
त्यानं नाडी धरली, डोळे मिटले,
लहानपणीच्या चुका काढल्या,
काळी पूड दिली, साडेतीन हजाराची.
भिंतीचे माझे अठराशे त्याच्याकडं थकलेले,
तेवढे वळते करून घेतले.
पुडीनं छाती धडधडली, घसा जळला.
बाकी सगळं जागच्या जागी.

दवाखान्यात गेलो ते पायासाठी.
शिडीवरनं उतरताना लागलेलं बोट, महिना झाला, भरेना.
अंबाजोगाईचा सरकारी, लांब व्हरांडा,
फिनेलचा वास, रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी
मांडीवर डबा घेऊन.
साखर निघाली दोनशे ब्याऐंशी.
डॉक्टर फारुकी, पोरगाच, मिशी अजून विचार करत असलेली.
खोकल्याचं विचारावं तसं विचारलं:
आणि रात्री? घरात? सगळं ठीक?

पंख्याकडं बघत मी सांगितलं.

त्यानं केसपेपर उलटा केला, दोन नळ्या काढल्या.
साखर आतून नळी खराब करते, म्हणाला,
रक्त पोचलं पाहिजे तिथं पोचत नाही.
तुमच्या मर्दपणाचा यात संबंध नाही, काका.
पण रेषा इतकी थरथरती, की राहवलं नाही.
द्या इकडं, म्हणालो,
आणि एका दमात दोन्ही नळ्या ओढून दिल्या.
तो हसला.
या गोष्टीवरून माझ्यासमोर कुणी हसलं
आणि मला लागलं नाही, असं पहिल्यांदा.

तंबाखू बंद. चहा बिनसाखरेचा.
रोज चार किलोमीटर, पाय भरला की.
मग गोळीचं बघू. छातीचं काही औषध चालू असंल
तर आधी सांगायचं, लपवायचं नाही.
कुणाची पूड खायची नाही.
आणि पुढच्या खेपेला काकूंना घेऊन या.

तंबाखूला दीड महिना लागला.
काकूंना सांगायला त्याहून जास्त.

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. सोलतच ऐकलं.
मग सूप बाजूला सारलं.
एवढंच? म्हणाली.
मला वाटलं कुणी दुसरी हाय.
इतके दिवस तिचं तोंड कसं असंल
ते बघत पडायचे मी, भिंतीकडं तोंड करून.

आता बाज आत आहे.
संध्याकाळी बुट्टेनाथकडं चालतो दोघं,
ती पुढं, मी मागं, चढाला उलटं.
कधी जमतं. गोळी घेऊन, कधी नसतानाही.
कधी नाही जमत.
तेव्हा ती तिचा पाय माझ्यावर टाकून झोपते,
जड, टाचेला भेगा, गार.

परवा खोली सातवाल्याचा फोन आला:
भिंत उडालीय, पुन्हा हाणून द्या, यंदा बाण मोठा.
बघतो म्हणालो.
अजून काही ठरवलं नाही.
चुना मात्र भिजत घातलाय.